व्हाळाचं गाऱ्हाणं

रविवारी सकाळी पोह्यांची बशी बाजूला सारून रुचिराने बापाला ‘तुम्ही’ म्हटलं, आणि नलिनीने ओळखलं की आता या घरात काही खरं नाही. बोलायला लागल्यापासून ही पोर राजेशला ‘बाबा, तू’ म्हणत आली होती. दहावीत गणिताने दगा दिला तेव्हा तू, बँकेतली चांगली नोकरी सोडून शाळेत शिकवायला गेली तेव्हाही तू. बापलेकीची भांडणं व्हायची, पण ती सगळी ‘तू’च्या आतली, संध्याकाळच्या चहापर्यंत मिटणारी. या वेळी मात्र ती उठता उठता म्हणाली, “तुम्ही ठरवा बाबा. सोसायटीला तुम्ही सांगताय, की पुढच्या रविवारी काठावर साफसफाईला येतील त्यांना मी सांगू?”

दहिसरच्या या घरात इमारतीमागून वाहणाऱ्या पाण्याला तीन नावं होती. रुचिरा नदी म्हणायची. राजेश नाला म्हणायचा. आणि राजेशचे वडील गुणाजी, ज्यांना सगळं घर आबा म्हणतं, ते व्हाळ म्हणायचे, कारण गावी त्यांच्या परड्यामागून व्हाळ वाहायचा आणि गिरणीत उभा जन्म काढला तरी घरामागचं पाणी म्हणजे व्हाळ हे त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. नलिनी कुठलंच नाव घ्यायची नाही. ती खिडकी लावून घ्यायची.

भांडणाला कारण झाला हिरवा रंग. रुचिरा वर्षभर नदीवाल्या मंडळींबरोबर फिरत होती. तिच्या शाळेतल्या बाई, एक रिटायर झालेले पोस्टमन आणि कॉलेजची काही पोरं अशी ती मंडळी काठावरचं प्लास्टिक उचलायची आणि पुढच्या महिन्यात तेवढंच प्लास्टिक पुन्हा उचलायची. शेवटी पोस्टमनकाका म्हणाले, दिसतो तो कचरा राहू दे, जी घाण दिसत नाही ती शोधू. कुणाकुणाच्या इमारतीची घाण पावसाळी गटारातून गुपचूप नदीत येते ते बघू. त्याचा उपाय सोपा होता. संडासात रंग ओतायचा आणि काठावर जाऊन उभं राहायचं. रुचिरा म्हणाली, मग सुरुवात आमच्याच घरापासून.

तिने घरात रंग ओतला आणि धाकटा भाऊ प्रीतम खाली काठावर मोबाइल धरून उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने खालूनच आरोळी दिली, “आलं गं ताई, हिरवंगार आलं.” ती पाचव्या मजल्यापर्यंत ऐकू गेली, आणि राजेश चौथ्यावर राहत असल्यामुळे त्याला एक मजला आधीच ऐकू आली.

मधल्या वेळात आबा संडासात जाऊन आले होते. बाहेर आले ते थेट देवापुढे जाऊन बसले. मग त्यांनी नलिनीला हळूच बोलावलं आणि सांगितलं की कपाटातली पितळी समई मुलीला, म्हणजे भांडुपच्या अनूला द्यायची, गावच्या फणसाचा वाटा प्रीतमचा, आणि राजेशला एवढ्यात काही कळवायचं नाही, त्याला ब्लडप्रेशर आहे. खरं काय ते कळल्यावर म्हातारा इतका खूश झाला की फणसाचा वाटा त्याने परत घेतला.

राजेश खूश होणं शक्य नव्हतं. आबांच्या पिढीची जुनी चाळ पडून तिथे सातेरीकृपा सोसायटी उभी राहिली, तेव्हापासून तोच सेक्रेटरी. विम्याच्या कचेरीत त्याला कुणी विचारत नसे, त्याची सगळी भरपाई तो सोसायटीत करून घ्यायचा. कुठल्याशा मंडळाच्या स्वच्छ सोसायटी स्पर्धेतली दुसऱ्या नंबरची ढाल शोकेसमध्ये होती, आणि तिच्यावर धूळ बसू नये म्हणून तो ती स्वतः पुसायचा. पोरीच्या रंगाचं त्याने एका वाक्यात वाटोळं केलं. म्हणाला, नाल्यात काय, कसलेही रंग येतात.

पण त्याला माहीत होतं. त्याला माहीत आहे हे नलिनीलाही माहीत होतं, आणि तिचा जीव टांगणीला लागला होता तो याच कारणाने. गेल्या पावसाळ्यात चेंबर तुंबलं, प्लंबरने झाकण उघडलं आणि सांगितलं की साहेब, बिल्डरने तुमची लाइन ड्रेनेजला जोडलीच नाही, पावसाळी गटारात सोडून मोकळा झालाय. तेव्हा चहाचा कप घेऊन नलिनी मागेच उभी होती. राजेश म्हणाला, पुढच्या मिटिंगला घेऊ. त्यानंतर मिटिंगा पुष्कळ झाल्या. त्यांत पार्किंग आलं, मांजरं आली, गच्चीवर वाळत घातलेले सुके बोंबील आले, पाइप काही आला नाही. तो आला असता तर कुणीतरी विचारलं असतं की इमारत ताब्यात घेताना सेक्रेटरी काय बघत होते.

राजेश लबाड माणूस नव्हता. त्याला फक्त आपलं चुकलं असं म्हणता येत नसे, आणि हा रोग त्याला लग्नाच्या आधीपासूनचा होता. पोरीने चारचौघांत त्याला तोंडघशी पाडलं असतं तर तो ते मरेपर्यंत विसरला नसता. पोरगी गप्प बसली असती तर तिने बापाला मरेपर्यंत ‘तुम्ही’ म्हटलं असतं. नलिनीला दोन्ही नको होतं. तिला एवढंच हवं होतं की दोघांनी एका टेबलावर बसून जेवावं, आणि जमलं तर खिडकी उघडी ठेवून.

बुधवारी भांडुपहून नणंद आली. अनुपमाचा स्वभाव न्यायी, म्हणजे ज्याचं ती ऐकत असेल त्याची बाजू तिला पटायची. आधी हॉलमध्ये तिने भावाचं ऐकलं आणि आजकालच्या मुलींना बापाची लाज राखता येत नाही म्हणाली. मग आत जाऊन भाचीचं ऐकलं आणि बाहेर येऊन भावाला म्हणाली की तुझं नाक मोठं की नदी. राजेशने चहाचा कप आपटला. रुचिराने दार आपटलं. प्रीतम आईच्या बाजूचा होता, कारण आई कांदाभजी तळत होती.

“तुमच्या साफसफाईला माणसं किती येतात गं?” अनुपमाने भाचीला दाराबाहेरूनच विचारलं.

आतून उत्तर आलं की गेल्या वेळी आम्ही आमचेच होतो, आणि एक कुत्रा होता.

“मग माझं ऐक. आपली माणसं झाडू धरायला यायची नाहीत. गाऱ्हाण्याला येतील. आबांना घालू दे गाऱ्हाणं, व्हाळाच्या काठावर. वर वहिनीचे वडे आणि काळ्या वाटाण्याची आमटी. दहिसर रिकामं होईल.”

दार उघडलं. राजेशनेही मान वर केली. त्या आठवड्यात बापलेकीचं एकमत झालं ते एवढ्या एका गोष्टीवर, आणि दोघांची कारणं मात्र अगदी उलटी. रुचिराला माणसं हवी होती. राजेशला वाटलं, देवाधर्माचं काम आहे, त्यात पाइप येत नाही. त्याने स्पीकर आणतो म्हणूनही सांगितलं, पण अट घातली की गाऱ्हाणं संपेपर्यंत कुणी भाषण करायचं नाही. रुचिरा म्हणाली, ठीक आहे, संपल्यावर करेन. तिचं भाषण काय असणार ते घरात सगळ्यांना कळलं, आबा सोडून.

गाऱ्हाणं म्हणजे कोकणातल्या माणसाने कुठल्याही कामाआधी सगळ्यांच्या वतीने देवाला घातलेलं साकडं. एकाने एकेक वाक्य सांगायचं आणि जमलेल्यांनी एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. ज्याला व्हय म्हटलं ते कबूल झालं, त्यातून माणूस परत फिरत नाही. सोसायटीच्या ठरावातून सतरा वाटा काढणारी माणसं गाऱ्हाण्यातून एकही काढत नाहीत. आणि सातेरीकृपेत सगळ्यात खणखणीत व्हय म्हाराजा कुणाचा असेल तर तो राजेशचा. लहानपणी गावच्या देवळात बापामागे उभं राहून त्याने तो कमावला होता. पुढे तो आवाज त्याचा न राहता त्याच्या तोंडाचा झाला. वाक्याचा सूर खाली आला की त्याचं तोंड आपोआप उघडायचं, मग ते वाक्य काय होतं ते कळो न कळो. एकदा कचेरीत साहेबांनी लांबलचक सूचना संपवली आणि राजेशने सगळ्यांसमोर व्हय म्हाराजा म्हटलं होतं. साहेब लखनौचे होते, त्यांना तो अपमान वाटला.

आबांचं मात्र आता वय झालं होतं. सुरुवात त्यांना पाठ होती, शेवट पाठ होता, मधलं विसरायचे. म्हणून गेली काही वर्षं गणपतीत नलिनी नारळाचं ताट धरून त्यांच्या शेजारी उभी राहायची आणि अडलं की कानात पुढचं वाक्य सांगायची. ही व्यवस्था सगळ्यांना माहीत होती. त्यामुळे गुरुवारपासून जो तो नलिनीकडे आपलं वाक्य घेऊन यायला लागला. अनुपमाला मुलीचं लग्न घालायचं होतं. चेअरमन नंदकुमार जिन्यात थांबवून म्हणाले की वहिनी, जमल्यास पार्किंगचं. प्रीतमने नव्या मोबाइलचा विषय काढून बघितला. रुचिरा म्हणाली की आई, निदान एकदा तरी आबांना नदी म्हणायला लाव. आणि शनिवारी राजेश स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

“साधं असू दे हां,” तो म्हणाला. “सगळ्यांना सुखी ठेव, संपलं. उगाच नाल्याचं काही नको.”

नलिनी वड्यांचं पीठ मळत होती. तिने विचारलं, “आणि पाइपाचं?”

“पाइपाचं मी बघतो ना. सांगितलंय ना तुला.”

“कधी?”

“पुढच्या मिटिंगला.”

 पिठाचा गोळा नलिनीने नेहमीपेक्षा जरा जोरात आपटला. इतकी वर्षं या माणसाचं नाक सांभाळण्यात आपण मूग गिळून बसलो, याची तिला त्या क्षणी मनापासून चीड आली, आणि त्याच वेळी त्याच्या बनियनला पडलेलं भोक दिसून त्याची दयाही आली. लग्न म्हणजे बहुधा हेच, असं म्हणत तिने पीठ झाकून ठेवलं.

रविवारी काठावर खरोखरच माणसं मावेनात. जुन्या चाळीतली तर होतीच, पण कांदरपाड्याकडून, पलीकडच्या टॉवरमधूनही लोक आले होते. काहींना गाऱ्हाणं ऐकायचं होतं, काहींना वड्यांचा वास आला होता. खाली पाणी काळपट रंगाचं, अंगात जोर नसल्यासारखं चाललं होतं. पोस्टमनकाकांनी हातमोजे आणि पोती एका बाजूला रचून ठेवली होती आणि सगळे त्यांना वळसा घालून जात होते. राजेश नवा कुर्ता घालून माइक ठोकून बघत होता. रुचिरा दुसऱ्या टोकाला, हाताची घडी घालून. दोघांच्या बरोबर मध्ये आबा, आणि आबांच्या डाव्या कानापाशी ताट धरून नलिनी.

आबांनी टोपी नीट केली, पाण्याकडे तोंड केलं आणि सुरू केलं.

“बा देवा, बारा-पाचाच्या म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” राजेशचा आवाज सगळ्यांच्या वर.

“आज तुझी सगळी लेकरा ह्या व्हाळाच्या काठाक जमली आसत रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!”

“तेंचो हो नारळ मान्य करून घे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!”

नलिनीने अनुपमाचं वाक्य कानात सांगितलं, चेडवाचा लगीन यंदा जमव म्हणून, त्यालाही व्हय झालं आणि अनुपमाने डोळ्यांना पदर लावला. पार्किंगवरून भांडणाऱ्यांना बुद्धी दी, याला सगळ्यात जोराचा व्हय झाला, कारण प्रत्येकाला वाटलं की बुद्धी दुसऱ्याला मिळणार आहे. रांगेतून हसू फुटलं. राजेश रंगात आला होता. मान मागे, डोळे मिटलेले, आबांचं वाक्य संपायच्या आधीच त्याचा व्हय तयार.

मग आबा थांबले. मधलं विसरले. त्यांनी कान नलिनीकडे केला.

आता फक्त एवढंच सांगायचं होतं की सगळ्यांना सुखी ठेव, आणि मग रुचिरा माइक घेणार होती. नलिनीने मुलीकडे बघितलं. तिने घडी सोडली होती आणि तिचे ओठ हलत होते, भाषण मनात म्हणत असावी. नलिनीने नवऱ्याकडे बघितलं. त्याचे डोळे मिटलेलेच होते, तोंड अर्धवट उघडं.  मग ती पुढे वाकली आणि आबांच्या कानात बोलली.

“काय?” आबा थेट माइकमध्ये म्हणाले. “मोठ्यान सांग गो.”

काठावर हशा पिकला. नलिनीचं तोंड लाल झालं. पण एकदा जीभ उचलली ती उचलली. तिने माइकवर हात ठेवला आणि पुन्हा सांगितलं, या वेळी सावकाश. आबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या कपाळावर आठी आली, गेली, आणि त्यांनी हिरव्या रंगाचा सगळा हिशोब बहुतेक तेव्हाच लावला. त्यांचा आवाज बदलला.

“आमच्या सातेरीकृपेची घाण ह्या व्हाळात जाता रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!” राजेश म्हणाला. त्याच्या मागोमाग सगळी सोसायटी म्हणाली, आणि मग जरा शांतता पडली, कारण सोसायटीला आपण काय म्हणालो ते ऐकू आलं. आबा थांबले नाहीत.

“ता आमच्या राजेशान वळाखल्यान, आणि मनावर घेतल्यान रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!” मागची माणसं सवयीने पुन्हा तालात आली होती.

“पाऊस पडायच्या आधी तो सोता उभो रवान ती लाइन बदलतलो रे म्हाराजा.”

सूर खाली आला आणि राजेशचं तोंड उघडलं. “व्हय म्हाराजा!” हा त्या दिवसाचा सगळ्यात खणखणीत व्हय होता. पुलावरून जाणारे लोकही थबकले. त्यानंतर त्याने डोळे उघडले.

नलिनीने पुष्कळ वर्षांत नवऱ्याचा असा चेहरा बघितला नव्हता. आधी तो बापाकडे वळला, मग मुलीकडे, मग ताटातल्या नारळाकडे.  तेवढ्यात चेअरमन नंदकुमार पुढे आले आणि त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले. राजेशभाऊ, मानलं तुम्हाला, ते म्हणाले, सगळ्यांसमोर असं अंगावर घ्यायला छाती लागते. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. राजेशने काय करावं हे न सुचून नमस्कार केला.

रुचिरा माइकपर्यंत आली होती. तिने माइक हातात घेतला, बापाकडे बघितलं, आईकडे जरा जास्त वेळ बघितलं, आणि म्हणाली, “मला वेगळं काही बोलायचं नाही. हातमोजे तिकडे आहेत.”

लोक गेले हातमोज्यांकडे. देवासमोर इतक्या वेळा व्हय म्हटल्यावर लगेच वड्यांकडे वळायला लाज वाटत असावी. पलीकडच्या टॉवरचे एक गृहस्थ पोस्टमनकाकांना बाजूला घेऊन विचारत होते की तो हिरवा रंग आम्हाला मिळेल का, आणि आबा आमच्याकडेही येतील का. आबांनी लांबूनच सांगितलं की येतील, पण आमटी हीच हवी.

दुपारी घरी सगळे टेबलाभोवती बसले, तेव्हा राजेशला वाचा फुटली. त्याचं म्हणणं असं की त्याने वाक्य ऐकलंच नव्हतं, आणि न ऐकता म्हटलेलं धरता येत नाही.

“ऐकलं नाहीस तर ओरडलास कशाला?” अनुपमाने विचारलं.

“आबा, तुम्ही तरी सांगा हिला.”

आबा वड्याचा तुकडा आमटीत बुडवत होते. “शब्द दिलंस मा?” ते म्हणाले. “मगे झाला.”

एवढ्यावर ते संपलं. राजेशने थोडा वेळ ताटात बोट फिरवलं. मग तो प्रीतमला म्हणाला की त्या प्लंबरचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये आहे, संध्याकाळी त्याला बोलावून घे, आणि नंदकुमारांनाही सांग, उद्याच मिटिंग लावू. हे त्याने असं सांगितलं की जणू आधीपासून त्याचंच ठरलेलं होतं. नलिनीने ते तसंच राहू दिलं. त्याचं नाक शाबूत राहिलं होतं आणि त्याचा तिला आनंदच होता.

तिच्याकडे न बघता त्याने हळूच विचारलं, “आबांच्या कानात काय सांगितलंस?”

“मी नारळ धरला होता,” नलिनी म्हणाली, आणि उठून तिने मागची खिडकी उघडली. वास अजून होताच. प्रीतमने नाक मुरडलं. पण तिने ती उघडीच ठेवली.

रुचिरा आतून वड्यांचं टोपलं घेऊन आली. टेबलाला वळसा घालून ती बापाच्या खुर्चीपाशी थांबली. आठवडाभर ती त्या बाजूने गेली नव्हती.

“बाबा,” ती म्हणाली, “तुला अजून एक वाढू?”

राजेशच्या तोंडात आधीचा वडा होता. त्याने मान वर केली, काहीतरी कडक बोलायचा त्याचा विचारही होता, पण वाक्याचा सूर खाली आला होता.

“व्हय म्हाराजा,” तो म्हणाला, आणि त्याने ताट पुढे केलं.